प्रथिन पेय: मधल्या वेळचे खाणे की जेवणाला पर्याय?

आहारविषयक प्रश्नांच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावर आहेत. बाटलीबंद किंवा पावडरीपासून तयार केलेली प्रथिन पेये कशी निवडावीत आणि ती खाण्याऐवजी घेतली तर चालतील का, असे वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांतील आकडे निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. वय किंवा आजार यांमुळे हिशेब बदलत असेल, तेथे तसा उल्लेख केला आहे.

प्रश्न: कामाच्या गडबडीत माझे दुपारचे जेवण वारंवार राहून जाते. त्याऐवजी मी एक बाटलीबंद प्रथिन पेय घेतो. त्यात ३० ग्रॅम प्रथिने आणि १६० कॅलरी आहेत. जेवणाचे काम तेवढ्याने भागेल असे वाटले होते. परंतु चार वाजेपर्यंत इतकी कडकडून भूक लागते की समोर येईल ते खाल्ले जाते. पेय चुकीचे आहे की माझे काही चुकते आहे?

उत्तर: पेय वाईट नाही, पण ज्या कामासाठी तुम्ही ते घेता त्या कामासाठी ते तयार केलेले नाही. बाटलीवरचे आकडे मांडून पाहू. एक ग्रॅम प्रथिनांतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, म्हणजे ३० ग्रॅमच्या १२० झाल्या. एकूण १६० पैकी १२० कॅलरी प्रथिनांच्याच असल्यामुळे कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांच्या वाट्याला जेमतेम ४० कॅलरी उरतात. दिवसाला २००० कॅलरी लागणारी व्यक्ती तीन वेळा जेवत असेल आणि मध्ये एखाद्या वेळी थोडे खात असेल, तर तिला प्रत्येक जेवणातून साधारण ५०० ते ६०० कॅलरी मिळायला हव्यात. तुम्हाला दुपारी मिळते ते याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. चार वाजता लागणाऱ्या भुकेबद्दल स्वतःला दोष देऊ नका. दुपारी जे मिळाले नाही तेच शरीर तेव्हा मागत असते.

जेवणाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांसाठी काही मानके आहेत आणि ती ग्राहकाला माहीत असायला हवीत. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त कोडेक्स आयोगाने वजन कमी करण्याच्या आहारासाठी १९९१ मध्ये असे मानक ठरवले. त्यानुसार एका जेवणाच्या जागी घ्यायच्या पेयातून किमान २०० आणि कमाल ४०० कॅलरी मिळाव्यात, त्या ऊर्जेपैकी २५ ते ५० टक्के ऊर्जा प्रथिनांची असावी आणि त्यात जीवनसत्त्वे व खनिजेही ठरावीक प्रमाणात असावीत. हे मानक वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मुळातच कमी खायचे ठरवलेल्या माणसासाठी आहे. तुमची बाटली त्याच्याही किमान मर्यादेखाली येते, आणि तिच्यातील ७५ टक्के ऊर्जा प्रथिनांची असल्यामुळे दुसऱ्या कसोटीवरही ती उतरत नाही.

म्हणून खरोखर जेवण टाळायचे असेल, तर ३०० ते ४०० कॅलरी, २० ते ३० ग्रॅम प्रथिने, किमान ५ ग्रॅम तंतुमय पदार्थ, थोडे स्निग्ध पदार्थ आणि दिवसभरात लागणाऱ्या जीवनसत्त्वांचा व खनिजांचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ज्यात आहे, असे पेय शोधावे. वेष्टनावर ‘जेवणाला पर्याय’ असे छापलेले असले तरी मागची पोषण सारणी पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. दुसरा मार्ग सोपा आहे आणि मला तोच अधिक पसंत आहे. हीच बाटली घ्यावी, पण तिच्याबरोबर एक मध्यम आकाराचे केळे आणि ३० ग्रॅम बदाम खावेत. केळ्याच्या सुमारे १०५ आणि बदामांच्या सुमारे १७५ कॅलरी धरल्या, तर एकूण बेरीज ४४० च्या घरात जाते, सहा-साडेसहा ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात आणि मुख्य म्हणजे दातांना काम मिळते.

दातांचा उल्लेख मी मुद्दाम केला. तेवढ्याच कॅलरी द्रवरूपात घेतल्या तर पोट लवकर रिकामे होते आणि चावून खाल्लेल्या अन्नाइतके समाधान मिळत नाही, असे भुकेविषयीच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. पाण्यासारख्या पातळ पेयापेक्षा दाट पेयाने भूक अधिक वेळ थोपते. तेव्हा पेय दोन मिनिटांत संपवू नका. पंधरा-वीस मिनिटे बसून, शक्यतो काहीतरी चावून खात ते घ्या.

प्रश्न: संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बिस्किटे आणि गोड पेयांऐवजी प्रथिन पेय घ्यावे असे मी ठरवले आहे. दुकानात उभी राहून प्रत्येक डब्याचे वेष्टन वाचते, परंतु सगळेच चांगले वाटतात. नेमके काय पाहावे?

उत्तर: वेष्टनाचा पुढचा भाग जाहिरातीसाठी असतो, म्हणून डबा हातात घेताच उलटा करावा. मधल्या वेळच्या खाण्यासाठी १५० ते २०० कॅलरी आणि १० ते २० ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. त्याहून जास्त प्रथिने असलेले पेय अधिक चांगले असते असे नाही. रात्रीच्या जेवणाला तीनच तास उरले असतील, तर ४० ग्रॅमची गरजच काय?

उभ्या उभ्या करता येईल असा एक हिशेब सांगते. प्रथिनांचे ग्रॅम दहाने गुणावेत आणि आलेला आकडा कॅलरींशी ताडून पाहावा. तो कॅलरींइतका किंवा त्याहून मोठा असेल, तर त्या पेयातील किमान ४० टक्के ऊर्जा प्रथिनांची आहे आणि त्याला प्रथिन पेय म्हणणे रास्त आहे. समजा, एका डब्यावर १५ ग्रॅम प्रथिने आणि १४० कॅलरी लिहिल्या आहेत. १५ चे १५० होतात, तेव्हा ते कसोटीला उतरले. दुसऱ्यावर ८ ग्रॅम प्रथिने आणि २१० कॅलरी आहेत. ८ चे ८० होतात, म्हणजे ते बहुतांशी गोड पेयच आहे. जेवणाला पर्याय असलेल्या पेयाला मात्र ही कसोटी लावू नये, कारण त्यात कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ असायलाच हवेत.

त्यानंतर साखर पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ती ५ टक्क्यांवर आणावी. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, साधारण सहा चहाचे चमचे साखर होते. एका मधल्या वेळच्या पेयानेच त्यातली निम्मी संपवू नये, म्हणून वरून घातलेली साखर ५ ग्रॅमच्या आत असलेले पेय निवडावे. दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, या मर्यादेत धरत नाहीत. त्यामुळे दुधापासून केलेल्या पेयात एकूण साखर १० ग्रॅम दिसली तरी लगेच दचकू नये.

साखरेचा रकाना मात्र दर वेळी पूर्ण चित्र दाखवत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून बनवलेला बारीक पांढरा पदार्थ पेयाला दाटपणा आणण्यासाठी किंवा स्वस्तात वजन वाढवण्यासाठी घातला जातो. तो बहुतांशी साखरेच्या रकान्यात धरला जात नाही, परंतु पोटात गेल्यावर रक्तातील ग्लुकोज साखरेइतक्याच, प्रसंगी अधिक वेगाने वाढवतो. घटकयादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तिच्यात माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर ‘साखरविरहित’ असे पुढे कितीही ठळक लिहिलेले असले तरी तो डबा परत ठेवावा. मधुमेह असणाऱ्यांनी तर हा शब्द शोधल्याशिवाय खरेदी करूच नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. सारणीतील आकडे एका मात्रेचे असतात, आणि कधी कधी एका बाटलीत दोन मात्रा असतात. पावडरीच्या डब्यातील मोजमापाच्या चमच्याचेही तसेच आहे. ३० ग्रॅमची मात्रा सांगणारा चमचा पावडर दाबून भरली तर जास्त घेतो आणि हलक्या हाताने भरली तर कमी घेतो. स्वयंपाकघरातील छोट्या तराजूवर एकदा तोलून आपला चमचा किती भरतो ते पाहून ठेवले, तर पुढचा सगळा हिशेब बरोबर येतो.

डब्यावर छापलेला प्रथिनांचा आकडाही कसा काढला जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत बहुधा प्रथिने थेट मोजत नाहीत. नमुन्यातील नायट्रोजन मोजून त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणतात. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्दाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही वापरात आहे. तिची उणीव अशी की नायट्रोजन प्रथिनांतून आला की दुसऱ्या कशातून, हे तिला ओळखता येत नाही. चीनमध्ये २००८ साली याच उणिवेचा फायदा घेऊन पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा बालके दगावली. प्रथिन पावडरींमध्ये याच प्रवृत्तीचे सौम्य रूप आढळते. ग्लायसीन किंवा टॉरिन यांसारखी नायट्रोजन असलेली स्वस्त अमिनो द्रव्ये घालून आकडा फुगवला जातो. ती विषारी नसतात, परंतु ज्या प्रथिनांसाठी तुम्ही पैसे देता त्यांची जागा ती भरून काढत नाहीत. घटकयादीत ही नावे सुटी दिसली, किंवा ‘विशेष मिश्रण’ असे म्हणून प्रत्येक घटकाचे प्रमाण लपवलेले असेल, तर दुसरा डबा पाहावा. उत्पादकाशी संबंध नसलेल्या स्वतंत्र संस्थेने तपासणी करून प्रमाणित केलेल्या मालाला मी नेहमी प्राधान्य देते. वनस्पतिजन्य पावडरींमध्ये, त्यातही चॉकलेटच्या स्वादाच्या, शिसे आणि कॅडमियम हे जड धातू अधिक प्रमाणात सापडल्याचे अशा तपासण्यांत दिसले आहे, कारण वनस्पती ते मातीतून शोषून घेतात. जो माणूस एकच पावडर रोज आणि वर्षानुवर्षे घेणार आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही.

कृत्रिम गोडव्यांबाबत थोडक्यात सांगते. सुक्रालोज, स्टेव्हिया वगैरे ठरावीक मर्यादेत वापरण्यास परवानगी असलेली द्रव्ये आहेत. मात्र वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्यांच्यावर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींना तो सल्ला लागू नाही. पेय घेतल्यावर पोट फुगत असेल किंवा गुडगुडत असेल, तर घटकयादीत इन्युलिन, चिकोरीच्या मुळांचा अर्क किंवा सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखी नावे आहेत का ते पाहावे. बऱ्याच वेळा दोष प्रथिनांचा नसून त्यांचा असतो.

प्रश्न: मला दूध पचत नाही. व्हे, केसीन, सोया, वाटाणा यांपैकी कोणते पेय घ्यावे? कोलॅजेनची पेये प्रथिने म्हणून चालतील का?

उत्तर: गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असते. व्हे लवकर पचते, तर केसीन पोटात गोठून सावकाश पचते. दूध न पचण्याचे कारण लॅक्टोज असेल, तर व्हे आयसोलेट, म्हणजे अधिक शुद्ध केलेले व्हे, बहुतेकांना सोसते, कारण त्यात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि लॅक्टोज नाममात्र उरते. कमी शुद्ध केलेल्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज अधिक असते. परंतु तुम्हाला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, म्हणजे अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसत असतील, तर आयसोलेटही धोक्याचे आहे. दूध न पचणे आणि दुधाची ॲलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची तक्रार कोणती हे डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय दुधापासून केलेली कोणतीही पावडर वापरू नये.

वनस्पतिजन्य पर्यायांत सोया सर्वांत भक्कम आहे, कारण प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी शरीराला अन्नातूनच घ्यावी लागणारी सर्व त्यात चांगल्या प्रमाणात आहेत. वाटाण्यात त्यांपैकी लायसीन भरपूर असते पण मेथिओनिन कमी पडते. तांदळात नेमके उलटे असते, म्हणून दोहोंचे मिश्रण असलेली पावडर एकट्या वाटाण्यापेक्षा बरी. बदामाचे तयार दूध पेयाचा आधार म्हणून वापरायला हरकत नाही, पण त्याच्या एका पेल्यात साधारण एकच ग्रॅम प्रथिने असतात, तर गायीच्या दुधाच्या २५० मिलिलिटरमध्ये ८ ग्रॅमच्या आसपास असतात, हे ध्यानात ठेवावे. कोलॅजेन या प्राण्यांच्या कातडी-हाडांतील प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे प्रथिनांच्या गुणवत्तेच्या प्रचलित मोजणीत त्याला शून्य गुण मिळतात. तुम्ही ते अन्य कारणासाठी घेत असाल तर घ्या. जेवणातील प्रथिनांच्या जागी धरू नका.

प्रश्न: आमच्या आईचे वय ७६ आहे. तिची भूक मंदावली आहे आणि काही महिन्यांत वजन ५४ किलोवरून ५० वर आले आहे. मी स्वतः व्यायामानंतर घेतो तेच कमी कॅलरींचे प्रथिन पेय तिला दिले तर चालेल का?

उत्तर: ते पेय आईंना देऊ नये, असे मी आग्रहाने सांगते. तुमच्या पेयात कॅलरी मुद्दाम कमी ठेवलेल्या आहेत, आणि त्यांना प्रथिनांबरोबर कॅलरींचीही निकड आहे. भरपूर प्रथिनांमुळे पोट भरल्यासारखे वाटते; तुमच्या दृष्टीने तो गुण असला, तरी त्यामुळे आईंचे पुढचे जेवण आणखी कमी होईल.

सर्वांत आधी डॉक्टरांना दाखवावे. ५४ चे ५० होणे म्हणजे सात टक्क्यांहून अधिक घट झाली आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर त्याचे कारण शोधावेच लागते. थायरॉइड, मधुमेह, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम, न बसणारी कवळी, गिळताना होणारा त्रास किंवा याहून गंभीर काही यामागे असू शकते. पेय सुरू केल्याने काटा थोडा वर सरकला आणि मूळ आजार मागे राहिला, असे होता कामा नये.

उतारवयात स्नायू झिजू लागतात आणि तेवढ्याच प्रथिनांचा शरीराला पूर्वीइतका उपयोग करून घेता येत नाही. म्हणून तरुण प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅमची शिफारस असली, तरी ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी तज्ज्ञगटांनी २०१३ मध्ये १.० ते १.२ ग्रॅम सुचवले आहेत. आजारपणात त्याहूनही अधिक लागू शकतात. आईंच्या सध्याच्या वजनाला हे प्रमाण दिवसाला ५० ते ६० ग्रॅम होते. डॉक्टरांची हरकत नसेल, तर रुग्णांसाठी व वृद्धांसाठी बनवलेले, दर मिलिलिटरला सुमारे दीड कॅलरी देणारे पेय निवडावे. त्याच्या २०० मिलिलिटरमधून ३०० कॅलरी मिळतात, म्हणजे एवढ्याशा पेल्यात पुरेसे पोषण जाते. ते जेवणाच्या जागी किंवा जेवणाआधी देऊ नये. दोन जेवणांच्या मधल्या वेळात किंवा झोपण्यापूर्वी द्यावे. पूर्ण पेला एकदम समोर ठेवला तर भूक नसलेल्या माणसाला तो पाहूनच नको वाटते. अर्धी वाटी थंड पेय सकाळी, अर्धी दुपारी, असे दिले तर ते संपते, असा माझा अनुभव आहे. एका स्वादाचा कंटाळा लवकर येतो, म्हणून दोन-तीन स्वाद आलटून पालटून द्यावेत.

औषधांच्या वेळाही सांभाळाव्या लागतील. थायरॉइडची गोळी सोया, कॅल्शियम किंवा लोह असलेल्या पेयाबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाही. कंपवातासाठी लेवोडोपा चालू असेल, तर प्रथिने त्याच्या शोषणात अडथळा आणतात. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर पेयातील जीवनसत्त्व ‘के’चे प्रमाण डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनांबरोबर पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचाही हिशेब बदलतो. पाणी किंवा पातळ पदार्थ पिताना आईंना ठसका लागत असेल, तर हे पेयही श्वासनलिकेत जाण्याची भीती आहे. अशा वेळी गिळण्याची तपासणी होईपर्यंत थांबावे. आणि झेपेल तेवढा स्नायूंचा व्यायाम हवाच, निदान खुर्चीतून उठणे-बसणे दिवसातून काही वेळा तरी व्हावे. त्यावाचून नुसत्या प्रथिनांनी ताकद येत नाही.

प्रश्न: झटपट वजन उतरवण्यासाठी महिनाभर तिन्ही वेळा फक्त पेयच घेतले तर?

उत्तर: स्वतःच्या मनाने असे करू नये. पूर्णपणे पेयांवर आधारलेला आहार वैद्यकात वापरला जातो, पण कसा वापरला जातो ते पाहा. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी देणाऱ्या सर्व पोषकांनी परिपूर्ण अशा पेयांवर ठेवले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाच्या शेवटी त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा मधुमेहाच्या औषधांशिवाय नियंत्रणात होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. परंतु त्यांची मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे सुरुवातीलाच थांबवण्यात आली होती, नियमित तपासण्या होत होत्या आणि पुढे नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले गेले. औषधे तशीच चालू ठेवून कोणी घरी एवढे कमी खाल्ले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वेगाने वजन घटताना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलॅजेन आणि जिलेटिनपासून तयार केलेल्या द्रव प्रथिनांवर आठवडेच्या आठवडे राहण्याची लाट आली होती. ही प्रथिने निकृष्ट होती आणि त्या आहारात इतर पोषकांची वानवा होती. १९७८ पर्यंत या आहाराशी जोडले गेलेले सुमारे ६० मृत्यू नोंदले गेले. त्यांतील अनेक मृत्यू हृदयाची लय बिघडून अचानक झालेले होते. आजची चांगली पेये त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, तरी प्रथिनांची साधी पावडर पाण्यात कालवून तिन्ही वेळा घेणारा माणूस जवळपास तोच प्रयोग पुन्हा करत असतो. वजन उतरवायचे असेल, तर दिवसातले एक जेवण पहिल्या उत्तरात सांगितलेल्या पद्धतीने बदलावे, बाकीची जेवणे भाजी, फळे आणि डाळींसह नीट घ्यावीत.

प्रश्न: माझा १५ वर्षांचा मुलगा खेळाडू आहे. त्याचे मित्र घेतात म्हणून त्यालाही प्रथिन पावडर हवी आहे. शिवाय तिच्यामुळे मूत्रपिंडे खराब होतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर: मूत्रपिंडे निरोगी असतील, तर नेहमीच्या प्रमाणात घेतलेल्या प्रथिनांनी ती बिघडतात, असे सिद्ध झालेले नाही. आधीच आजार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅमची मर्यादा घालतात.

मुलाच्या बाबतीत माझी हरकत वेगळ्या कारणासाठी आहे. १४ ते १८ या वयासाठी शिफारस दर किलोमागे ०.८५ ग्रॅमची आहे. ५५ किलोच्या मुलाला ती सुमारे ४७ ग्रॅम होते. रोज खेळणाऱ्याला त्याहून काही अधिक लागतात. दोन पेले दूध आणि दोन अंडी यांतूनच २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. दही, डाळी, दाणे आणि इतर जेवण धरले, तर बहुतेक मुलांची गरज पावडरीशिवाय सहज भागते. जो मुलगा दिवसभर खेळून थकतो, त्याला बहुधा प्रथिने कमी पडत नाहीत, तर एकूण अन्न आणि झोप कमी पडते. शिवाय स्नायू वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत वेष्टनावर न लिहिलेली उत्तेजके आणि संप्रेरके सापडली आहेत, आणि कॉफीच्या स्वादाच्या पेयांत बरेच कॅफिनही असू शकते. सामन्यानंतर घरी पोहोचायला उशीर होत असेल, तर साध्या दुधाची बाटली आणि फळ बरोबर द्यावे.

प्रश्न: सकाळी पावडर कालवून ठेवलेले पेय दुपारी घेतले तर चालते का?

उत्तर: प्रथिने आणि ओलावा एकत्र आले की जिवाणू झपाट्याने वाढतात. कालवलेले पेय सामान्य तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये. हवा फार उष्ण असेल तर एका तासात संपवावे. शीतपेटीत ५ अंश सेल्सियसच्या खाली ठेवल्यास ते त्याच दिवशी वापरता येते. त्यापेक्षा कोरडी पावडर बाटलीत भरून न्यावी आणि दूध किंवा पाणी ऐन वेळी घालावे, हे सर्वांत सोयीचे. बाटली रिकामी झाल्याबरोबर विसळून टाकावी आणि झाकणातील रबरी कडी दर वेळी काढून साबणाने वेगळी धुवावी, कारण वास तिथूनच येऊ लागतो.